शस्त्रवैद्याची साक्ष : अस्थिव्यंगोपचारातील पुराव्याच्या पारखीचा इतिहास

१

इतिहासाच्या अभ्यासकास साक्षीपुराव्याची पारख नवी नाही. इ. स. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून बखर आणि अस्सल पत्र ह्यांतील अंतर आपल्याकडील संशोधकांच्या अंगवळणी पडत गेले आहे. बखरकार लबाड होता असे कोणी म्हणत नाही. परंतु तो घटनेनंतर पुष्कळ काळाने, आठवणीवर विसंबून आणि बहुधा कोणाच्या तरी गौरवासाठी लिहीत होता; त्याची साक्ष उणी ठरण्यास एवढे कारण पुरेसे होते. शस्त्रवैद्य आपल्या शस्त्रक्रियांच्या फलांविषयी जे सांगतो त्याची पारख कशी करावयाची, हा प्रश्न प्रथमदर्शनी वैद्यकाचा वाटतो. तथापि त्याचे स्वरूप तपासले असता तो साधनचिकित्सेचाच प्रश्न आहे असे दिसून येईल. ह्या पारखीची साधने विसाव्या शतकात कोणत्या क्रमाने व कोणत्या प्रसंगांतून निर्माण झाली ते पाहावे, आणि त्यांतून कोणती कसोटी निष्पन्न होते ते ठरवावे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

सर्व वैद्यकशाखांत अस्थिव्यंगोपचाराची निवड करण्यास कारण आहे. येथे साक्षीदार चुकण्याची कारणे एकाच ठिकाणी एकवटली आहेत. पहिले असे की, शस्त्रक्रिया करणारा आणि तिचे फळ सांगणारा हे दोघे बहुतेक वेळा एकच असतात. दुसरे, हाडांचे व सांध्यांचे कित्येक विकार आपोआप उतरणीस लागतात. पाठदुखीचा रोगी वेदना शिगेस पोचली असता वैद्याकडे येतो. त्यानंतर काहीही केले वा न केले तरी काही महिन्यांनी त्यास बरे वाटण्याचा संभव असतो, आणि त्याचे श्रेय मधल्या काळात जो उपचार झाला असेल त्यास मिळते. तिसरे, फळ हाती येण्यास फार काळ लागतो. कृत्रिम खुब्याची खरी परीक्षा दहा-पंधरा वर्षांनी होते, आणि तोवर रोगी गाव सोडून गेलेला किंवा मरण पावलेला असतो. चौथे, औषधाच्या गोळीऐवजी खडूची गोळी देता येते. पण शस्त्रक्रियेची अशी प्रतिमा करणे अवघड, आणि नीतीच्या दृष्टीनेही विवाद्य. ह्या चार अडचणींपैकी एकेक अडचण क्रमाक्रमाने कशी ओळखली गेली, हीच पुढील कथा होय.

२

पहिला प्रश्न उपस्थित केला तो बॉस्टन येथील अर्नेस्ट ॲमरी कॉडमन यांनी. इ. स. १८६९ मध्ये जन्मलेले कॉडमन मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात शस्त्रवैद्य होते. त्यांची कल्पना इतकी साधी होती की ती पूर्वी कोणास सुचली नाही ह्याचेच आश्चर्य वाटावे. प्रत्येक रोग्यामागे एक पत्रक ठेवावे. त्यावर लक्षणे, निदान, केलेली शस्त्रक्रिया आणि झालेला उपद्रव नोंदवावा. पुढे निदान एका वर्षाने रोग्यास पुन्हा गाठून त्याची अवस्था पाहावी. आणि फळ अपेक्षेप्रमाणे नसेल तर ते का नाही ह्याचे कारण लिहून ठेवावे. ह्यास ते ‘अंतिम फला’ची कल्पना म्हणत. रोगी रुग्णालयातून चालत बाहेर पडला एवढ्यावर यश मोजण्याची जी वहिवाट होती, तिला हा सरळ छेद होता.

इ. स. १९११ मध्ये कॉडमन यांनी स्वत:चे एक लहानसे रुग्णालय काढले व तेथे ही पद्धत अमलात आणली. १९११ ते १९१६ ह्या काळात तेथून घरी गेलेल्या ३३७ रोग्यांच्या बाबतीत त्यांनी १२३ चुका नोंदविल्या आणि त्या छापून प्रसिद्ध केल्या. चूक ज्ञानाच्या वा हस्तकौशल्याच्या उणिवेने झाली, निर्णय चुकल्याने झाली, निदान चुकल्याने झाली की काळजी वा साधने कमी पडल्याने झाली, असे तिचे वर्गीकरणही त्यांनी केले होते. स्वत:विरुद्ध असा कागद स्वत:च तयार करून ठेवणारा साक्षीदार इतिहासातही विरळाच आढळतो.

ह्याचे बक्षीस त्यांना काय मिळाले? रुग्णालयातील बढती ज्येष्ठतेऐवजी फलांवरून व्हावी असा आग्रह त्यांनी धरला, आणि तो मान्य होईना तेव्हा १९१४ मध्ये आपल्या पदाचा राजीनामा दिला. जानेवारी १९१५ मध्ये स्थानिक वैद्यकमंडळाच्या सभेत त्यांनी एक मोठे व्यंगचित्र उघडून दाखविले. बॉस्टनमधील सधन वस्ती शहामृगाच्या रूपाने वाळूत डोके खुपसून सोन्याची अंडी मागे लाथाडीत आहे आणि वैद्य ती गोळा करीत आहेत, असे ते चित्र होते. सभा खवळली, आणि कॉडमन यांना तेथील अध्यक्षपदही सोडावे लागले. त्यांच्या विचाराने प्रेरित होऊन अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स ह्या संस्थेने पुढे रुग्णालयांची पाहणी केली. १९१९ मध्ये तिचे निष्कर्ष हाती आले, तेव्हा शंभर वा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांपैकी अवघी ८९ किमान कसोटीस उतरली होती. रुग्णालयांच्या नावांची ती यादी वृत्तपत्रांच्या हाती पडू नये म्हणून न्यूयॉर्कमधील सभास्थानाच्या, म्हणजे हॉटेलाच्याच, भट्टीत जाळून टाकण्यात आली. अस्सल कागद जाणूनबुजून नष्ट केल्याचे हे उदाहरण अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुराव्याचा अभाव नेहमीच दुर्लक्षाने घडतो असे नाही. काही वेळा तो घडवून आणलेला असतो.

कॉडमन यांनी १९२० च्या सुमारास हाडांच्या मारक अर्बुदांची नोंदवही सुरू केली. ठिकठिकाणच्या शस्त्रवैद्यांकडून रोगवृत्तांत, क्षकिरणचित्रे व सूक्ष्मदर्शकाचे नमुने मागवून ते एका पद्धतीने लावण्याचा हा उपक्रम होता. एकट्या शस्त्रवैद्यास असे रोगी आयुष्यात मोजकेच भेटतात, तेव्हा त्याच्या अनुभवास अनुभव म्हणणेही धाडसाचे आहे, हे त्यामागील तत्त्व होते. ह्या नोंदवहीच्या कल्पनेकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

कॉडमन यांच्या पद्धतीची मर्यादाही येथेच नमूद केली पाहिजे. अंतिम फळ पाहिल्याने काय झाले ते कळते. ते शस्त्रक्रियेमुळे झाले की तिच्याविनाही झाले असते, हे कळत नाही. त्यास तुलना लागते. काळाचे भान कॉडमन यांनी दिले. तुलनेचे भान येण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

३

काळाच्या कसोटीचे सर्वांत बोधप्रद उदाहरण इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात, रायटिंग्टन येथील रुग्णालयात घडले. जॉन चार्नली यांनी खुब्याचा झिजलेला सांधा काढून तेथे धातूचा लहान गोळा व प्लास्टिकची वाटी बसविण्याची पद्धत सिद्ध केली. वाटीसाठी त्यांनी प्रथम टेफ्लॉन निवडले, कारण त्या पदार्थात घर्षण अत्यल्प असते. रोगी वेदनामुक्त होऊन चालू लागले. १९६१ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात चार्नली यांनी ह्या नव्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि त्याचे सर्वत्र स्वागत झाले.

त्या लेखात असत्य असे काही नव्हते. परंतु दोन-तीन वर्षांत टेफ्लॉनच्या वाट्या झिजू लागल्या. झिजेतून निघालेल्या कणांमुळे भोवतालच्या पेशींत दाह उत्पन्न होई आणि सांधा सैल पडे. सुमारे तीनशे रोग्यांच्या शरीरात ह्या वाट्या बसल्या होत्या. चार्नली यांनी ते अपयश लपविले नाही. रोग्यांना परत बोलावून बिघडलेले सांधे त्यांनी पुन्हा उघडले. पेशींवरील परिणामाविषयी खात्री करून घेण्यासाठी त्यांनी ह्या प्लास्टिकचे नमुने स्वत:च्या मांडीत घालून घेतले आणि ते निरीक्षण १९६३ मध्ये छापले. दरम्यान १९६२ मध्ये त्यांचे सहायक हॅरी क्रेव्हन ह्यांच्या हाती उच्च घनतेचे पॉलिएथिलीन आले. चार्नली यांना प्रथम त्यात काही अर्थ दिसला नाही. क्रेव्हन यांनी मात्र तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविला आणि दिवसामागून दिवस फिरवीत ठेवला. टेफ्लॉनच्या मानाने त्याची झीज इतकी थोडी निघाली की त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नवी वाटी रोग्यांस बसविण्यास आरंभ झाला. त्यानंतर मात्र चार्नली सावध झाले. पुढील काही वर्षांची फले हाती येईपर्यंत आपला कृत्रिम सांधा सरसकट विकू देण्यास ते राजी नव्हते. तो वापरू इच्छिणाऱ्या शस्त्रवैद्याने रायटिंग्टन येथे येऊन पद्धत शिकून जावे, अशी त्यांची अट होती.

ह्या प्रसंगातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. तज्ज्ञाची सचोटी आणि पुराव्याची पक्वता ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. सचोटीने सांगितलेली दोन वर्षांची साक्ष ही दोन वर्षांचीच साक्ष राहते. दुसरे, चार्नली यांचे अपयश उघडकीस आले ते त्यांच्या सर्व रोग्यांचा माग लागत होता म्हणून. ते रोगी शंभर रुग्णालयांत विखुरलेले असते, तर प्रत्येक शस्त्रवैद्यास आपल्याकडील दोन-तीन अपयशे हा योगायोगच वाटला असता.

४

तुलनेचा प्रश्न ऐरणीवर आला तो मणक्याच्या क्षयाच्या निमित्ताने, आणि ह्या प्रकरणाशी हिंदुस्थानाचा निकटचा संबंध आहे. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये ह्या रोगाने येणाऱ्या पांगळेपणाचे वर्णन केले, म्हणून त्यास पॉटचा रोग असेही म्हणतात. औषध नव्हते तोवर रोग्यास महिनोन् महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे, प्लास्टरच्या साच्यात उताणे निजवून ठेवणे हाच उपचार असे. १९११ मध्ये न्यूयॉर्क येथे हिब्स व आल्बी यांनी मणके एकमेकांशी सांधण्याच्या शस्त्रक्रिया पुढे आणल्या. स्ट्रेप्टोमायसीन व त्यामागून आयसोनियाझिड ही औषधे आली, तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की औषधांच्या जोडीला जुन्यातले नेमके काय ठेवावयाचे?

ह्यावर तज्ज्ञांची मते एकमेकांच्या विरुद्ध टोकांस होती. हाँगकाँग येथील हॉजसन व स्टॉक यांनी १९५६ मध्ये पुढील बाजूने मणक्यापर्यंत जाऊन रोगट भाग समूळ काढण्याची व तेथे हाडाचा तुकडा बसविण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि उत्तम फले दाखविली. नायजेरियातील इबादान येथे कॉन्स्टॅम यांनी रोग्यांस हिंडतेफिरते ठेवून केवळ औषधे दिली आणि तीही फले उत्तम असल्याचे कळविले. दोन्ही वृत्तांत प्रामाणिक होते. परंतु रोगी निराळे, देश निराळे, औषधांचे प्रमाण निराळे आणि मोजण्याची रीत निराळी. दोन दरबारांच्या दोन बखरी समोर ठेवून लढाई कोणी जिंकली ते ठरवावे, असाच हा प्रकार होता.

ह्या कोंडीतून मार्ग काढण्यासाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने एक कार्यगट नेमला. १९४८ मध्ये ह्याच कौन्सिलने फुप्फुसाच्या क्षयावर स्ट्रेप्टोमायसीनची परीक्षा केली होती. कोणत्या रोग्यास कोणता उपचार हे वैद्याच्या मर्जीवर न सोपविता यदृच्छेने, म्हणजे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे, हे तत्त्व तीमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी बसवून दिले होते. तेच तत्त्व आता मणक्याच्या क्षयास लावण्यात आले. कोरियातील मासान येथे सहा महिने रुग्णालयात अंथरुणावर ठेवणे विरुद्ध आरंभापासून घरी राहून औषधे घेणे. पुसान येथे नऊ महिने प्लास्टरचे जाकीट विरुद्ध जाकिटाविना उपचार. ऱ्होडेशियातील बुलावायो येथे रोगट भाग खरवडण्याची शस्त्रक्रिया विरुद्ध केवळ औषधे. आणि हाँगकाँग येथे केवळ खरवडणे विरुद्ध हॉजसन यांची समूळ शस्त्रक्रिया, अशा तुलना योजण्यात आल्या. १९७३ पासून त्यांचे अहवाल प्रसिद्ध होऊ लागले.

निष्कर्ष धक्कादायक होते. औषधे नियमित घेतली असता सहा महिन्यांच्या अंथरुणाने काही अधिक साधले नाही; प्लास्टरच्या जाकिटानेही काही साधले नाही; नुसत्या खरवडण्यानेही नाही. पिढ्यान् पिढ्या ज्याला उपचाराचा गाभा मानले गेले, तो केवळ सोबतीला चाललेला विधी ठरला. हाँगकाँगच्या शस्त्रक्रियेविषयीचा निर्णय मात्र बारकाईने वाचला पाहिजे. रोग बरा होण्याच्या बाबतीत तीत विशेष अंतर आढळले नाही. परंतु मणके लवकर सांधले जाणे आणि पाठीस कुबड कमी येणे ह्या दोन बाबतींत ती सरस ठरली. म्हणजे हॉजसन यांची साक्ष खोटी नव्हती. तिचा आवाका त्यांना वाटला त्याहून लहान होता.

आणखी एक गोष्ट वाचकाने दृष्टिआड करू नये. पायांतील शक्ती इतकी गेली आहे की चालता येत नाही, असे रोगी ह्या परीक्षांतून वगळण्यात आले होते. तेव्हा ‘मणक्याच्या क्षयास शस्त्रक्रिया लागत नाही’ असे सरसकट विधान ह्या पुराव्यातून निघत नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयातील सु. म. तुली यांनी आपल्या अनुभवावरून जो ‘मध्यममार्ग’ १९७५ मध्ये मांडला त्याचे महत्त्व येथे आहे. सर्वांस औषधे द्यावीत, आणि पांगळेपण ओसरत नाही, निदान संशयित आहे, रोग औषधांस दाद देत नाही, अशा ठराविक कारणांसाठीच शस्त्र हाती घ्यावे, असा तो मार्ग होता. प्रतवारीच्या शिडीवर ही साक्ष वरच्या पायरीची नव्हे, कारण तीत यदृच्छेने पाडलेले गट नव्हते. परंतु परीक्षांनी वगळलेल्या रोग्यांविषयी बोलणारी ती साक्ष होती. पुढे मद्रास येथे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या क्षयसंशोधन केंद्राने सहा व नऊ महिन्यांच्या औषधयोजना आणि समूळ शस्त्रक्रिया ह्यांची यदृच्छ तुलना केली. तिचा दहा वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल १९९९ मध्ये निघाला आणि त्यात तिन्ही गटांत नव्वद टक्के वा अधिक रोग्यांची स्थिती समाधानकारक आढळली. ज्या देशात गरीब कुटुंबातील कर्त्या माणसाने सहा महिने खाटेवर पडून राहणे म्हणजे घर उघड्यावर येणे, त्या देशात ह्या निष्कर्षाचे मोल निराळे सांगावयास नको.

५

यदृच्छ तुलनेनेही एक छिद्र बुजत नव्हते. रोग्यास आपल्यावर शस्त्रक्रिया झाली हे ठाऊक असते, आणि वेदना ही रोग्याच्याच तोंडून कळणारी गोष्ट आहे. मणका सांधला की नाही हे क्षकिरणचित्र सांगते; गुडघा कमी दुखतो की नाही हे केवळ रोगी सांगतो. गुडघ्याच्या झिजेवर दुर्बिणीतून सांधा धुण्याची व आतील खडबडीत भाग घासून काढण्याची शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या अखेरीस इतकी रूढ झाली होती की एकट्या अमेरिकेत ती प्रतिवर्षी साडेसहा लाखांहून अधिक वेळा होत असल्याचा अंदाज होता. बहुतेक वृत्तांतांत सुमारे निम्म्या रोग्यांस आराम पडल्याचे म्हटलेले असे.

ह्यूस्टन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात मोस्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८० रोग्यांचे यदृच्छेने तीन गट पाडले. एका गटाचा सांधा घासून साफ केला, दुसऱ्याचा केवळ धुतला, आणि तिसऱ्यावर नाममात्र शस्त्रक्रिया केली. ह्या तिसऱ्या गटातील रोग्यांच्या गुडघ्यावर छेद दिले, पाण्याचा आवाज केला, शस्त्रे मागण्याचा सर्व विधी पार पाडला. सांध्यात मात्र काहीच घातले नाही. कोणता गट हे शस्त्रवैद्यास शस्त्रक्रियागृहात मोहोरबंद लिफाफा उघडल्यावरच कळे, आणि पुढे मोजणाऱ्यास व रोग्यास ते कळत नसे. दोन वर्षांपर्यंत कोणत्याही टप्प्यावर खऱ्या शस्त्रक्रियांचे गट नाममात्र गटाहून सरस ठरले नाहीत. हा अहवाल जुलै २००२ मध्ये प्रसिद्ध झाला.

ह्या प्रयोगाच्या नीतीविषयी वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते. प्रत्येक रोग्याने आपल्यावर कदाचित केवळ नाममात्र शस्त्रक्रिया होईल व तिने आपल्या सांध्यास लाभ होणार नाही हे समजल्याचे स्वहस्ते लिहून द्यावयाचे होते. पात्र अशा ३२४ जणांपैकी १४४ जणांनी नकार दिला. ह्याची दुसरी बाजूही आहे. निरुपयोगी शस्त्रक्रिया लक्षावधी रोग्यांवर त्यांना काहीच न सांगता होत राहणे हे अधिक नीतियुक्त म्हणता येईल काय? पुराव्याच्या अंगाने घेतलेले आक्षेपही दुर्लक्षणीय नव्हते. शस्त्रवैद्य एकच, रुग्णालय एकच, रोगी बहुतेक पुरुष. आणि इतक्या नकारांनंतर उरलेले रोगी सर्वसामान्य असतीलच असे नाही. अशा आक्षेपांस उत्तर एकच असते, ते म्हणजे स्वतंत्र साक्षीदार. २००८ मध्ये कॅनडातून आणि २०१३ मध्ये फिनलंडमधील पाच रुग्णालयांतून तसे साक्षीदार आले. फिनलंडच्या परीक्षेत झिजेने फाटलेल्या गादीवरील शस्त्रक्रियेची तुलना १४६ रोग्यांत नाममात्र शस्त्रक्रियेशी केली होती; वर्षअखेर दोन्ही गटांत अंतर आढळले नाही.

खांद्याचीही अशीच कथा आहे. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली स्नायुबंध घासला जातो आणि ते हाड तासले की वेदना थांबते, हा विचार नीअर यांनी १९७२ मध्ये पन्नासच्या आसपास खांद्यांच्या अनुभवावरून मांडला. तुलनागट त्यात नव्हता. त्यावर उभी राहिलेली शस्त्रक्रिया अनेक दशके लक्षावधी लोकांवर झाली. २०१८ मध्ये ब्रिटनमधील ३१३ रोग्यांच्या परीक्षेचा अहवाल छापून आला. त्यात हाड तासणे आणि केवळ दुर्बीण घालून आत पाहणे ह्यांत रोग्यास जाणवेल असे अंतर आढळले नाही. एका पन्नास खांद्यांच्या वृत्तांतापासून ह्या निर्णयापर्यंत पोचण्यास सेहेचाळीस वर्षे लागली.

६

तथापि सर्व प्रश्न यदृच्छ परीक्षेने सुटतात अशी समजूत करून घेणे चुकीचे होईल. शे-दोनशे रोग्यांच्या परीक्षेत हजारात दहा-वीस वेळा घडणारे अपयश दिसत नाही, आणि दोन वर्षांच्या परीक्षेत दहाव्या वर्षीचे अपयश दिसत नाही. त्यासाठी कॉडमन यांच्या नोंदवहीचीच कल्पना पुन्हा उचलावी लागली. स्वीडनने १९७५ मध्ये कृत्रिम गुडघ्यांची व १९७९ मध्ये कृत्रिम खुब्यांची राष्ट्रव्यापी नोंद सुरू केली. कोणता सांधा, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या तंत्राने बसविला आणि तो पुन्हा काढावा लागला काय, एवढीच ती नोंद. परंतु ती देशातील जवळजवळ प्रत्येक रोग्याची होती. ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, तर इंग्लंड व वेल्स यांनी २००३ मध्ये अशा नोंदवह्या उघडल्या. इंग्लंडास ही निकड भासण्यास एक कारण घडले होते. १९९१ मध्ये बाजारात आलेला एक कृत्रिम खुबा १९९७ मध्ये मागे घेतला गेला, तेव्हा तो बसविलेले हजारो रोगी शोधून काढणे किती दुष्कर आहे ह्याचा अनुभव आला होता.

नोंदवहीचे सामर्थ्य आणि तिच्या अभावाचे मोल ही दोन्ही एकाच प्रकरणात दिसून आली. डीप्यू ह्या कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा, धातूवर धातू फिरणारा खुबा २००३ पासून विकला जाऊ लागला. २००७ पासून ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत ह्या खुब्याच्या पुनर्शस्त्रक्रियांचे प्रमाण अपेक्षेहून अधिक दिसू लागले. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभर मागे घेण्यात आला. तोवर सुमारे ९३,००० लोकांस तो बसला होता. इंग्लंड व वेल्सच्या नोंदवहीतून निघालेले प्रमाण असे होते की, पाच वर्षांत सुमारे आठांत एक सांधा पुन्हा काढावा लागत होता.

आपल्या देशात हाच सांधा सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसविला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण उचलून धरले, आणि पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञसमितीने २०१८ मध्ये आपला अहवाल दिला. त्या वेळी असे आढळले की ह्या ४,७०० पैकी जेमतेम हजार-अकराशे रोग्यांचाच ठाव लागला होता. उरलेल्यांचे काय झाले, किती जणांची हाडे झिजली, किती जण वेदना हे वयाचे लक्षण समजून सोसत राहिले, हे सांगणारा एकही कागद नव्हता. स्वीडनमध्ये जो प्रश्न आकड्याने सुटतो तो येथे विचारताही येत नाही. कारण ज्यास विचारावयाचे तो मनुष्यच सापडत नाही. नुकसानभरपाई मिळण्यासाठीही आधी नाव नोंदलेले असावे लागते, हे येथे लक्षात येईल.

७

आता प्रतवारीविषयी. जानेवारी २००३ मध्ये अस्थिव्यंगोपचाराच्या प्रमुख अमेरिकन नियतकालिकाने आपल्या लेखांवर पुराव्याची पायरी छापण्यास प्रारंभ केला. यदृच्छ परीक्षा सर्वांत वर. त्याखाली पुढे पाहणारी तुलना. त्याखाली मागे वळून केलेली तुलना. मग तुलनाविरहित रुग्णमालिका. आणि पाचव्या पायरीवर तज्ज्ञाचे मत. ह्या शिडीने मोठे कार्य केले, ह्यात संशय नाही. वाचकास लेखकाच्या नावाऐवजी लेखाच्या घडणीकडे पाहण्याची सवय लागली.

परंतु पायरी म्हणजे निवाडा नव्हे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमरेतील सरकलेल्या चकतीवरील अमेरिकन परीक्षेत ५०१ रोगी यदृच्छेने विभागले होते, म्हणजे पायरी पहिली. तथापि ज्यांच्या वाट्यास शस्त्रक्रिया आली त्यांपैकी निम्म्यांनीच ती तीन महिन्यांत करून घेतली, आणि ज्यांच्या वाट्यास ती आली नव्हती त्यांपैकी तीस टक्क्यांनी त्याच अवधीत ती करवून घेतली. चिठ्ठीने जे वेगळे केले ते रोग्यांच्या इच्छेने पुन्हा मिसळले, आणि निष्कर्ष धूसर झाला. उलटपक्षी टेफ्लॉनच्या तीनशे वाट्यांचा वृत्तांत पायरीने चौथा. पण त्याने जे सिद्ध केले त्यास दुसऱ्या साक्षीची गरज पडली नाही. अस्सल पत्रातही पत्रलेखक खोटे लिहू शकतो, आणि बखरीतही एखादी खरी आठवण शिल्लक असते, हे आपल्या परिचयाचेच आहे.

येथवरच्या विवेचनावरून जी कसोटी निष्पन्न होते ती अशी. साक्ष खोटी ठरण्यास कितपत वाव ठेवला होता, ह्यावर तिची किंमत ठरते. कॉडमन यांनी हा वाव एका वर्षाच्या मुदतीने ठेवला. कोरियातील परीक्षांनी चिठ्ठीने. ह्यूस्टनच्या परीक्षेने लिफाफ्याने. स्वीडनने कोणासही न वगळणाऱ्या नोंदवहीने. प्रत्येक उपायाने साक्षीदाराच्या हातातून एकेक सवलत काढून घेतली, आणि प्रत्येक वेळी काढून घेणारे व ज्यांची सवलत गेली ते बहुधा एकाच व्यवसायातील होते. ही गोष्ट त्या व्यवसायास भूषणावह आहे.

विद्यार्थ्याने कोणताही वृत्तांत हाती घेतला असता चार प्रश्न विचारावेत. आरंभी किती रोगी होते व शेवटी किती उरले? तुलना कोणाशी केली? किती वर्षे पाहिले? आणि फळ मोजणारा कोण होता? ह्यांपैकी पहिल्या प्रश्नाकडे आपल्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. ते व्हावयाचे नसेल तर मोठ्या परीक्षांच्या आधी साधे पत्रक भरून ठेवण्याची व वर्षाने रोग्यास पोस्टकार्ड पाठविण्याची शिस्त लागली पाहिजे. कॉडमन १९४० मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या थडग्यावर दगडही नव्हता. तो व्यावसायिकांच्या संस्थांनी २०१४ मध्ये बसविला. त्यांनी मागितलेले पत्रक मात्र अनेक रुग्णालयांत अद्याप भरले जात नाही.